मुलाच्या बळाचें माप

गेल्या महिन्यांत आम्हांस आमच्याच बाजूच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. कर्नाळ्याच्या पायथ्याशीं त्यांचें मोठें एकत्र कुटुंब आहे. त्यांच्या धाकट्या जावेचा सात वर्षांचा मुलगा गेल्या वर्षापासून वारंवार पडूं लागला, जिना चढतांना कठड्याला ओढून वर जाऊं लागला आणि जमिनीवरून उठतांना गुडघ्यांवर हात टेकूं लागला. पनवेलच्या डॉक्टरांनीं रक्त तपासविलें व मुलास मुंबईस धाडलें. तेथें निदान झालें. स्नायु क्षीण करीत नेणारा रोग ठरला. परंतु भगिनींचा प्रश्न निदानाविषयीं नाहीं. त्या लिहितात कीं, तेथील एका बाईंनीं मुलाला अर्धा तास उठविलें, बसविलें, निजविलें, एका पायावर उड्या मारावयास लावल्या, हातांत घड्याळ धरून पळविलें, प्रत्येक गोष्टीपुढें एक आंकडा लिहिला आणि सहा महिन्यांनीं पुन्हां याच परीक्षेस या म्हणून सांगितलें. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, लेंकराला जें जमत नाहीं तेंच चारचौघांत करावयास लावण्यांत कसलें आलें आहे शहाणपण? मामंजी म्हणतात, आंकडे लिहून रोग हटत असता तर औषधें कशाला हवीं होतीं? मुलाची आई कांहींच बोलत नाहीं. सहा महिने भरत आले आहेत. जावें कीं न जावें?

आमचें उत्तर प्रथमच सांगून टाकतों: जावें, आणि वेळेवर जावें. आम्ही वैद्य नव्हों. परंतु आमचा सारा जन्म मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेला, आणि चांगली परीक्षा कोणती व वाईट कोणती हें आम्हांस थोडेंबहुत कळतें. या परीक्षेविषयीं जें समजून घेतां आलें त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, शाळेंत घेतल्या जाणाऱ्या बहुतेक परीक्षांहून ही अधिक न्यायी आहे. कशी, तें आज सांगावयाचें आहे.

आधीं रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. हात उचलावा असें मनांत आलें म्हणजे मेंदूंतून निघालेली आज्ञा मज्जारज्जूंतून खालीं येते, तेथून मज्जातंतूंच्या वाटेनें स्नायूपर्यंत पोंचते आणि स्नायु आंखडतो. या वाटेवर कोठेंहि खंड पडला तरी हात लुळा पडतो. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या रोगांत बिघाड खुद्द स्नायूंत असतो. स्नायूच्या पेशीला आधार देणारें डिस्ट्रोफिन नांवाचें द्रव्य शरीरांत तयारच होत नाहीं. त्यामुळें वापरानें स्नायु झिजतो आणि झिजलेला भरून येत नाहीं. ड्यूशेन हे फ्रान्समधील डॉक्टर. त्यांनीं १८६८ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन केलें. हा रोग बहुतेक मुलग्यांनाच होतो, आणि साडेतीन ते पांच हजार मुलग्यांत एकाला होतो. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुसऱ्या रोगांत स्नायूंना चालविणाऱ्या मज्जारज्जूंतील पेशीच मरत जातात. वेर्डनिग यांनीं १८९१ सालीं व हॉफमन यांनीं १८९३ सालीं त्याचें वर्णन केलें. त्याचें मूळ असलेला जनुक १९९५ सालीं सांपडला. हा रोग मुलगे व मुली दोघांनाहि होतो, आणि त्याच्या तीव्र प्रकारांत मूल कधीं आपल्या बळावर बसूंहि शकत नाहीं.

ड्यूशेनच्या रोगाची एक फसवी खूण आहे, ती प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या मुलांच्या पोटऱ्या जाड व टणक होतात. घरचीं माणसें कौतुकानें म्हणतात, पाहा पोटऱ्या कशा भरल्या आहेत, पैलवान होणार! खरें पाहतां तेथें स्नायूची जागा चरबीनें व तंतूंनीं घेतलेली असते. डोळ्यांनीं पाहिलेलें सर्वच खरें नसतें, तें असें.

संस्कृतांत मोजणें या अर्थाचा 'मा' असा धातु आहे. त्यापासून मान व परिमाण हे शब्द झाले आणि त्यापासूनच प्रमाण हाहि शब्द झाला. प्रमाण म्हणजे माप, आणि नैयायिकांच्या भाषेंत प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचें साधन. मापणें आणि खरें जाणणें या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनीं एकाच धातूच्या पोटीं ठेविल्या आहेत. घरांतील माया रात्रंदिवस मुलाकडे पाहत असते, परंतु ती मोजीत नाहीं. म्हणून तिला आज एक दिसतें व उद्यां दुसरें. मूल सकाळीं हंसत खेळलें कीं सारें घर म्हणतें आतां बरा आहे, आणि सायंकाळीं उंबऱ्याला अडखळून पडलें कीं सारें घर म्हणतें आतां संपलें. ही वर-खालीं होणारी आशा आई-बापांना रोगापेक्षांहि अधिक थकविते.

आतां मोजण्याकडे वळूं. स्नायूंच्या बळाला अंक देण्याची जी रीति आजहि सर्वत्र चालते ती ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, ठरवून दिली. जखमी शिपायांच्या तुटलेल्या मज्जातंतूंत पुन्हां जीव येतो आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती होती. स्नायु मुळींच हालत नसेल तर शून्य, स्वतःच्या भाराविरुद्ध अवयव उचलतां आला तर तीन, पूर्ण बळ असेल तर पांच. शिपायास ही रीति ठीक आहे. दाबा म्हटलें कीं तो दाबतो. चार वर्षांच्या मुलास दाब म्हटलें तर तें परीक्षकाच्या मिशीकडे पाहून हंसतें. शिवाय एकेका स्नायूचें बळ कळून आईला काय कळणार? तिला हें हवें असतें कीं, माझा मुलगा पाटावरून आपला आपण उठेल का, शाळेच्या पायऱ्या चढेल का. म्हणून पुढें स्नायूऐवजीं कृति मोजण्याकडे डॉक्टरांचें लक्ष गेलें. १९६३ सालीं अमेरिकेंत व्हिग्नोस व त्यांचे सहकारी यांनीं पायांसाठीं दहा पायऱ्यांचें एक कोष्टक प्रसिद्ध केलें. आधारावांचून जिना चढणारा पहिल्या पायरीवर आणि अंथरुणास खिळलेला दहाव्या. तें उपयोगी होतें पण जाडेंभरडें होतें. वर्षभर मूल हळूहळू घसरत असलें तरी तें त्याच पायरीवर दिसे.

ती उणीव भरून काढणाऱ्या बारीक परीक्षा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील आहेत. आमच्या भगिनींनीं जें वर्णन केलें आहे तें ब्रिटनमधील डॉक्टरांनीं चालत्या मुलांसाठीं तयार केलेल्या 'नॉर्थ स्टार' नांवाच्या परीक्षेशीं पुष्कळ जुळतें. तींत १७ कृति असतात: सरळ उभें राहणें, चालणें, खुर्चीवरून उठणें, एकेका पायावर उभें राहणें, वीतभर उंचीच्या ठोकळ्यावर चढणें व उतरणें, निजलेला उठून बसणें, जमिनीवरून उभें राहणें, निजल्या निजल्या मान उचलणें, टांचांवर उभें राहणें, उडी मारणें, लंगडी घालणें आणि दहा मीटर धांवणें. प्रत्येक कृतीला दोन, एक किंवा शून्य गुण. सर्व मिळून ३४.

या तीन आंकड्यांतच सारें मर्म आहे. एखादी कृति मुलानें नेहमींच्या रीतीनें केली तर दोन. मुळींच करतां आली नाहीं तर शून्य. परंतु मुलानें ती आपल्या स्वतःच्या युक्तीनें, वेडीवांकडी कां होईना, पण दुसऱ्याच्या मदतीवांचून पार पाडली, तर एक.

उदाहरण घ्या. १८७९ सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनीं या रोगाच्या मुलांची उठण्याची विशिष्ट रीति टिपून ठेविली. मूल प्रथम पालथें होतें, हातापायांवर उभें राहतें, पाय फांकतें, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर, आणि मग हात मांडीवर वर वर सरकवीत जणूं आपल्याच अंगावर आपण चढून सरळ होतें. वैद्यकाच्या पुस्तकांत आजहि ही रोगाची खूण म्हणून गॉवर्स यांच्याच नांवानें ओळखली जाते. पण आतां याच कृतीला परीक्षेंत काय मिळतें पाहा. अशा रीतीनें जो मुलगा उठला त्याला शून्य मिळत नाहीं. त्याला एक गुण मिळतो. मांडीचे व कमरेचे स्नायु साथ देत नाहींत हें ओळखून सात वर्षांच्या पोरानें, कोणी न शिकवितां, हातांच्या बळाची उसनवारी करून स्वतःला उभें केलें. ही त्याची बुद्धि आहे, ही त्याची हिंमत आहे, आणि परीक्षकानें ती अंकांत लिहून ठेविली आहे.

आपल्या घरांतून हा एक गुण कोणी देत नाहीं. आपल्याकडे दोनच निकाल असतात: चालतो किंवा चालत नाहीं, धडधाकट किंवा अपंग, पास किंवा नापास. दोन आणि शून्य यांच्या मध्यें कोणी उभा असतो हें आपल्या ध्यानींच येत नाहीं. सासूबाईंना वाटतें, परीक्षेंत मुलाचें उणें चारचौघांत उघडें पडतें. उलट मुलाला अद्याप काय काय साधतें, तें एकेक करून मोजून ठेवणारी हीच एक जागा आहे.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें निघालें कीं कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दूरवरून दिसूं लागतो. आम्ही शाळेंत असतांना हिवाळ्यांत मुलांची सहल तेथें नेत असूं. पायथ्याशीं पक्ष्यांचें अभयारण्य, त्यांतून दाट झाडींतला चढ, आणि वर किल्ल्याच्या पायऱ्या. पन्नास मुलें ओळीनें चढतांना मागून पाहणाऱ्या शिक्षकाला वर्गांत न दिसणारें पुष्कळ दिसतें. भित्रें मूल दरीकडे पाहतें. दमलेलें मूल पाणी मागतें. कंटाळलेलें मूल अजून किती राहिलें म्हणून विचारतें. पण ज्याच्या मांड्यांत बळ नाहीं तें मूल कांहीं मागत नाहीं व कांहीं विचारीत नाहीं. तें प्रत्येक पायरीला तोच पाय पुढें टाकतें, त्याच पायावर दुसरा आणून टेकतें आणि हातानें गुडघा खालीं दाबतें. शिक्षकांच्या खोलींत अशा मुलाविषयीं जो शब्द सर्वांत स्वस्त मिळतो तो म्हणजे आळशी. घरींहि तोच. मग बैठका घालावयास लावतात, टेंकडी चढावयास लावतात, सूर्यनमस्कारांची संख्या वाढवितात. ड्यूशेनच्या रोगांत अशा जबरदस्तीच्या व्यायामानें आधींच नाजूक असलेला स्नायु अधिक फाटतो. फिजिओथेरपिस्टनें सांगितलेलें हलकें ताणणें व पोहण्यासारखा सौम्य व्यायाम निराळा. आळसावर जो उपाय, तोच रोगावर अपाय ठरतो. म्हणून आळस कोणता व अशक्तता कोणती हें ठरविणारें माप हवें.

तान्ह्या मुलाची परीक्षा कशी घेणार, अशी शंका कोणी घेईल. त्याची तोडहि निघाली आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या बालरुग्णालयाच्या नांवानें ओळखली जाणारी एक परीक्षा पाळण्यांतल्या बाळांसाठीं आहे. तींत १६ कृति व ६४ गुण असतात. बाळाला आज्ञा करितां येत नाहीं; म्हणून खुळखुळा दाखवावयाचा व बाळ हात किती उचलतें तें पाहावयाचें, तळव्याला गुदगुली करावयाची व पाय कसा आखडतें तें पाहावयाचें. आपल्या घरच्या आज्या हेंच करीत आल्या आहेत. फरक इतकाच कीं, येथें तें लिहून ठेवितात. जीं मुलें बसतात पण चालत नाहींत त्यांच्यासाठीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नांवाची निराळी परीक्षा आहे. तिच्या विस्तृत प्रतींत ३३ कृति व ६६ गुण. फ्रान्समधील लियों येथें केलेल्या आणखी एका मापांत ३२ कृति आहेत आणि त्यांत बोटांच्या बारीक हालचालींनाहि स्थान आहे. कारण पाय थांबले तरी लेखणी धरणारीं बोटें पुढें कित्येक वर्षें काम देतात.

आंकडे लिहून रोग हटतो काय, या मामंजींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवर पहिलें औषध, न्युसिनर्सेन, २०१६ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत मान्य झालें. बसूं शकणाऱ्या पण न चालणाऱ्या १२६ मुलांवर त्याचा जो प्रयोग झाला व २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत पंधरा महिन्यांत औषध मिळालेल्या मुलांचे हॅमरस्मिथचे गुण सरासरीनें सुमारें चारांनीं वाढले, आणि न मिळालेल्यांचे वाढण्याऐवजीं घटले. ६६ पैकीं चार! शाळेंत चार गुणांसाठीं कोणी पेढे वाटीत नाहीं. परंतु आधारावांचून बसणें, कुशीवर वळणें, हात डोक्यापर्यंत नेणें, अशांपैकीं दोन-तीन गोष्टी जरी मुलाला नव्यानें साधल्या तरी रात्रीं आईला कितीदां उठावें लागतें यांत फरक पडतो. मापच नसतें तर हें औषध गुणकारी आहे हें सिद्धच झालें नसतें, आणि सिद्ध न झालेलें औषध बाजारांत येत नाहीं. आंकड्यांनीं रोग हटत नाहीं हें खरें. पण ज्या औषधानें तो अडतो त्याची पारख आंकड्यांनींच होते.

माप घेण्याचे कांहीं नियम आहेत. मूल ताजेंतवानें असावें. तापांतून उठलेलें किंवा प्रवासानें दमलेलें नसावें. शक्यतों परीक्षक तोच असावा, ठोकळा तेवढ्याच उंचीचा असावा, पाय अनवाणी असावे. आईनें मदतीस बोट देऊं नये. दिलेल्या बोटाचा गुण मुलाच्या नांवावर मांडतां येत नाहीं. सहा मिनिटांत मूल किती मीटर चालतें हेंहि मोजतात; त्यासाठीं २५ मीटरांची पट्टी आंखलेली असते, मुलाला सतत उत्तेजन देतात, आणि तें पडलेंच तर सांवरण्यासाठीं एक माणूस त्याच्या मागोमाग चालत असतो. हा मागून चालणारा माणूस आम्हांस फार आवडला. तो हात धरीत नाहीं, ढकलीत नाहीं, नुसता जवळ असतो.

पक्ष्यांची मोजणी करणारे लोकहि हेंच करितात: तीच वाट, तोच हंगाम, तीच वेळ. तसें केलें नाहीं तर पक्षी कमी झाले कीं मोजणारा उशिरां उठला, हें सांगतां येत नाहीं. मुलाच्या बाबतींत याला आणखी एक कारण आहे. ड्यूशेनच्या रोगांतहि सहा-सात वर्षांच्या वयापर्यंत पुष्कळ मुलांचे गुण थोडे वाढतात. कारण रोग वाढत असतो तसें मूलहि वाढत असतें, आणि तेथपर्यंत वाढीचा जोर अधिक असतो. घरच्यांना वाटतें, निदान चुकलें, मुलगा सुधारतो आहे. आणि ते औषधें सोडतात. पुढें उतार लागतो तेव्हां नुकतीच बदललेली शाळा, नाहीं तर कोणाची तरी दृष्ट, अशीं कारणें सांपडतात. ज्यानें दर सहा महिन्यांचे आंकडे जपले आहेत त्याला चढ कोठें संपला व उतार कोठें लागला हें दिसतें.

आणि तें दिसणें फार कामाचें आहे. ड्यूशेनच्या रोगांत स्टेरॉइड औषधें वेळेवर सुरू केलीं तर चालणें साधारणपणें दोन-तीन वर्षें अधिक टिकतें. त्यांचे वजन वाढणें, हाडें ठिसूळ होणें असे दोषहि आहेत; म्हणून मात्रा ठरवितांना डॉक्टरांना माप लागतें. (हीं औषधें एकाएकीं बंद करणें धोक्याचें आहे, हें येथेंच सांगून ठेवितों.) जमिनीवरून उठावयास चार सेकंदांऐवजीं आठ लागूं लागले कीं शाळेचा वर्ग खालच्या मजल्यावर मागून घ्यावा, न्हाणीघरांत कठडा बसवावा, चाकांच्या खुर्चीची चौकशी करावी. खुर्ची आली म्हणजे हार झाली असें मानूं नये. मुलगा पडून हाड मोडून घेण्यापूर्वीं ती आली तर तिच्यावर बसून तो मित्रांबरोबर मैदानाच्या कडेपर्यंत जातो. हृदयाची व श्वासाची तपासणीहि दरसाल लागते, कारण तेहि स्नायूंचेंच काम आहे.

आपल्या देशांत आतां या मुलांसाठीं कांहीं दारें उघडलीं आहेत. २०१६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नांवानें समावेश आहे. २०२१ सालच्या दुर्मिळ रोगांविषयींच्या राष्ट्रीय धोरणाखालीं ठराविक केंद्रांतून उपचारांसाठीं ५० लाख रुपयांपर्यंत मदत देतां येते, आणि परळचें केईएम रुग्णालय हें मुंबईचें असें केंद्र आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरील रिस्डिप्लाम हें तोंडानें घ्यावयाचें औषध लाखों रुपयांना एक बाटली असें मिळे. २०२५ सालच्या ऑक्टोबरांत दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतीय कंपनीनें तेंच सुमारें सोळा हजारांत बाजारांत आणलें. मध्यम स्थितीच्या घराला तेंहि जड आहे, यांत संशय नाहीं. परंतु अशा प्रत्येक दाराशीं पहिला प्रश्न विचारतात तो हाच कीं, मुलाची आजची स्थिति काय व मागील खेपेस काय होती. उत्तर देणारा कागद ज्याच्याजवळ आहे त्याचें काम सोपें होतें.

माप जें सांगत नाहीं तेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. तें कोणाचा दोष सांगत नाहीं. ड्यूशेनचा रोग आईकडून येऊं शकतो हें कळलें कीं पुष्कळ घरांत सुनेच्या माहेरचा इतिहास बाहेर निघतो. सुमारें एकतृतीयांश मुलांत हा दोष आईकडून आलेलाच नसतो. तो त्या मुलांतच नव्यानें उत्पन्न झालेला असतो. आणि आईकडून आला असला तरी तिनें तो जाणून का दिला? स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचा दोष तर आई व बाप दोघांकडून मिळून येतो. पत्रांत एकच वाक्य आमच्या मनाला लागलें: मुलाची आई कांहींच बोलत नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं या वाक्याचा विचार करावा. ३४ गुणांच्या त्या कागदांत आईसाठीं एकहि रकाना नाहीं. आपल्या बोलण्यांतहि तो असूं नये. पुढील अपत्याचा विचार असेल तर जनुकतज्ज्ञाचा सल्ला दोघांनीं मिळून घ्यावा.

आतां प्रत्येक घरानें काय करावें तें सांगतों. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं, दिल्लीच्या मुलांचाहि समावेश करून, पांच देशांतील निरोगी मुलांच्या हालचालींचीं वयें प्रसिद्ध केलीं. त्यांत आधारावांचून बसणें साधारणतः चौथ्या ते नवव्या महिन्यांत आणि आपलें आपण चालणें आठव्या ते अठराव्या महिन्यांत आलें. इतका मोठा फरक निरोगी मुलांतहि असतो. म्हणून शेजारचें मूल दहाव्या महिन्यांत चाललें यानें घाबरूं नये. पण अठरा महिने उलटले व मूल चाललें नाहीं, किंवा चालूं लागलेलें मूल तीन वर्षांचें झालें तरी पळत नाहीं, उडी मारीत नाहीं, चवड्यांवर चालतें, मांडीवर हात ठेवून उठतें, तर डॉक्टरांकडे न्यावें. सीके नांवाची रक्ताची साधी तपासणी ड्यूशेनच्या रोगाचा सुगावा फार लवकर देते.

निदान झालेल्या घरानें एक वही करावी. दर तीन महिन्यांनीं, ठराविक तारखेस, मूल जमिनीवरून उठतांना व घरच्या त्याच जिन्याच्या त्याच पायऱ्या चढतांना मोबाइलवर चित्रण करून ठेवावें व लागलेला वेळ वहींत लिहावा. रोज मोजूं नये. पाहुण्यांपुढें उठून दाखव म्हणूं नये. भावंडांशीं तुलना करूं नये. मुलाची तुलना त्याच्या मागील तारखेशीं करावी. आणि मोजून झालें कीं मोजणें विसरून जावें, कारण मूल म्हणजे त्याचे गुण नव्हेत. गाणें, गणित, थट्टामस्करी, बुद्धिबळ यांचा रकाना त्या कागदांत नाहीं. तो घरच्यांनीं भरावयाचा आहे.

आमच्या भगिनींनीं सासूबाईंना आमचा एक निरोप सांगावा. या खेपेस त्यांनीं स्वतः मुलाबरोबर जावें. परीक्षेच्या खोलींत कोपऱ्यांत बसावें, बोट देऊं नये, पण डोळे भरून पाहावें. नातू पालथा होऊन, हात टेकून, गुडघे दाबून आपला आपण उभा राहील, आणि परीक्षक बाई त्याच्या नांवापुढें एक आंकडा लिहितील. बाहेर आल्यावर, तो एक गुण कशाचा, हें त्यांनींच नातवाला सांगावें.